सोळा भाज्या कोणी ठरवल्या?

गौरीपूजनाच्या दिवशी दुपारी पावणेतीनच्या सुमारास माझ्या मोठ्या जाऊबाई शेगडीजवळ खाली बसल्या. दमल्या म्हणून टेकल्या असतील, असं आधी वाटलं. मग हातातला झारा निसटला. वळून पाहिलं तर कपाळ घामाने डबडबलेलं आणि ओठ पांढरे पडलेले. त्यांना मधुमेह आहे हे घरात लहानथोर सगळ्यांना ठाऊक. सकाळची गोळी घेतलेली होती, पण पहाटे चारला सोवळं नेसल्यापासून पोटात पाण्याखेरीज काही गेलं नव्हतं. नैवेद्य दाखवल्याशिवाय स्वयंपाक करणारीने तोंडात काही घालायचं नाही, ही आमच्या घरची रीत. पुरणासाठी चिरून ठेवलेल्या गुळातला खडा नणंदेने त्यांच्या तोंडात घातला. पाच-सात मिनिटांनी त्यांना नीट बोलता आलं. पहिलं वाक्य होतं, "कढीची फोडणी राहिलीय, कुणीतरी बघा गं."

ही चार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हापासून सणासुदीच्या ताणाबद्दल कुठे काही वाचलं की माझ्या डोळ्यांपुढे तो झारा येतो. दर वर्षी श्रावण सरत आला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्या आणि मोबाइल सल्ल्यांनी भरून जातात. कामांची यादी करा, दहा मिनिटं डोळे मिटून बसा, स्वतःसाठी वेळ काढा. सल्ले वाईट नाहीत, पण ते सगळे एकाच बाईला दिलेले असतात. भाज्या तिनेच करायच्या आणि त्या करताना आलेला ताणही तिनेच निस्तरायचा. मला हे मान्य नाही. सणाचा ताण हा आधी वाटणीचा प्रश्न आहे, मनःशांतीचा नंतर. कामाची वाटणी तर हवीच, पण त्याहून मोठी वाटणी आहे ती ठरवण्याच्या अधिकाराची. किती करायचं, काय करायचं, पानावर किती माणसं बोलवायची, हे जो राबतो त्याने ठरवावं. आपल्या बहुतेक घरांत ते ठरवतो कोण, तर जो बाहेरच्या खोलीत बसलेला असतो तो. किंवा जो आज हयातही नाही तो.

आमचं सासर अकोल्याचं. पुण्या-मुंबईकडे ज्यांना गौरी म्हणतात त्यांना आमच्याकडे, विदर्भ-मराठवाड्यात, महालक्ष्म्या म्हणतात. अनुराधा नक्षत्रावर त्या येतात, ज्येष्ठेवर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर निघतात. मधला दिवस सगळ्यात मोठा. पुरणपोळी, आंबील, कढी, वडे, भजी, पंचामृत, कोशिंबिरी, पुरणाचे सोळा दिवे आणि सोळा भाज्या. महालक्ष्म्यांच्या डोक्यावर टांगायचा फुलोरा आदल्या दिवशीच तळून ठेवायचा. या सणावर माझा जीव आहे, हे आधीच सांगते. मुखवटे पुसून मांडताना त्या दोघींच्या डोळ्यांत जे दिसतं, केवड्याचा आणि धुपाचा जो एकत्र वास घरात भरतो, त्यासाठी मी रात्रीच्या गाडीने उभ्याने प्रवास करून गेलेली आहे. सण नको असं म्हणणाऱ्यांतली मी नाही.

पण सासूबाईंच्या तरुणपणी त्या घरात सात बायका होत्या. सासूबाई, त्यांच्या तीन जावा, दोन आत्या आणि एक मावससासू. सात जणींत सोळा भाज्या म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला दोन, दोघींना तीन. शिवाय घरची म्हैस, परसातला भाजीपाला आणि आठ दिवस आधीपासून रिकामे असलेले हात. आज त्याच घरात तीन सुना आहोत. एक तिथेच राहते, आम्ही दोघी नोकरीच्या गावाहून आवाहनाच्या दिवशी सकाळी पोहोचतो. २०२५ मध्ये पूजन सोमवारी १ सप्टेंबरला होतं, म्हणून शनिवार-रविवार तरी हाताशी आले. नाहीतर रजेचा अर्ज, साहेबांचं तोंड आणि "तुमच्याकडे गणपतीचं वेगळं आणि गौरीचं वेगळं असतं का" हा प्रश्न. हात निम्म्याहून कमी झाले, भाज्या मात्र सोळाच्या सोळा. आमच्या पिढीला सणाचा जो ताण येतो, त्याचं सगळ्यात मोठं कारण मला हेच दिसतं. आम्ही नाजूक झालो नाही. एकत्र कुटुंबाच्या मापाने शिवलेला सण आम्ही तीन माणसांच्या घराला घालतो आहोत.

यावर ठरलेलं उत्तर येतं, की आता मिक्सर आहे, गॅस आहे, तयार पीठ मिळतं. खरं आहे. देशभरात घेतल्या गेलेल्या वेळवापर पाहणीचे आकडे या बाबतीत बघण्यासारखे आहेत. २०१९ च्या पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा बिनमोबदला घरकामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, पुरुषांचा ९७ मिनिटं. २०२४ च्या पाहणीत ते आकडे २८९ आणि ८८ झाले. बायकांची १० मिनिटं कमी झाली, आणि पुरुषांचीही ९ कमी झाली. यंत्रांनी काही मिनिटं वाचवली असतील, पण बाईच्या हातातलं काम पुरुषाच्या हातात गेलं असं या आकड्यांत कुठे दिसत नाही. आणि ही ८८-९७ मिनिटं त्या दिवशी घरकामाला हात लावलेल्या पुरुषांचीच. २०१९ मध्ये असा हात लावणारे पुरुष २६ टक्क्यांच्या आसपास होते, बायका ८१ टक्क्यांच्या. हे सगळं साध्या, बिनसणाच्या दिवसांचंही गणित आहे. हरितालिकेचा कडक उपास करून दुसऱ्या दिवशी सकाळी एकवीस मोदकांची उकड काढणाऱ्या बाईचा दिवस या सरासरीत मावत नाही.

त्या वर्षी जाऊबाईंना आत पलंगावर झोपवून मी बाहेर आले, तेव्हा माझ्या मनात एकच प्रश्न होता. सोळा भाज्या कोणी ठरवल्या? मी खरोखरच विचारत सुटले. चुलतसासऱ्यांना विचारलं, ते म्हणाले, पूर्वापार आहे. शेजारच्या घरी विचारलं. त्यांच्याकडे सोळा प्रकारच्या भाज्या थोड्या थोड्या घेऊन त्यांची मिळून एकच भाजी करतात, कायमची. माझ्या एका मैत्रिणीकडे, कोकणस्थांकडे, नदीवरून किंवा विहिरीवरून आणलेल्या खड्यांच्या गौरी असतात. मुखवटे नाहीत, साड्या नाहीत. कुणाकडे तेरड्याची गौर येते. कोकणात कित्येक घरांत गौरीला तिखटाचा, मटण-माशाचा नैवेद्य असतो, आणि आमच्याकडे त्या दिवशी कांदा-लसूण घराबाहेर. एकच देवी, एकच नक्षत्र आणि हर घराची तऱ्हा वेगळी. म्हणजे आमच्या घरची तऱ्हा कुणीतरी, कधीतरी, हाताशी किती माणसं आणि परसात काय पिकतं हे बघून ठरवली. त्या माणसाला तो अधिकार होता, तर आम्हाला का नसावा?

पूजेला बसणाऱ्यांनी जरा कान देऊन ऐकावं असंही काही आहे. गुरुजी संकल्प सांगतात त्यात शब्द येतात, 'यथाज्ञानेन यथामिलितोपचारद्रव्यैः'. जेवढं ज्ञान असेल तेवढ्याने, जे साहित्य मिळालं असेल त्याने मी ही पूजा करतो. पूजेत एखादा दागिना नसेल तर त्याच्या जागी अक्षता वाहायच्या आणि पुढे जायचं. शेवटी हात जोडून म्हणायचं 'मंत्रहीनं क्रियाहीनं भक्तिहीनं सुरेश्वर', काही राहिलं असेल, चुकलं असेल तर ते पूर्ण मानून घे. पूजा सुरू होताना सूट मागितलेली आहे आणि संपताना क्षमा मागितलेली आहे. हे मी लग्नानंतर वीस वर्षांनी पहिल्यांदा नीट ऐकलं, कारण तोवर संकल्पाच्या वेळी मी कायम आत वडे तळत असायची. देवापुढे 'मिळालं त्यात' चालतं, मग पंगतीतल्या माणसांपुढे का चालू नये? "यंदा पडवळाची भाजी दिसत नाही," असं म्हणणारी महालक्ष्मी मी अजून पाहिली नाही. असं म्हणणारे काका मात्र दर वर्षी असतात.

ताणाचं मूळ या वाक्यात आहे. श्रमाने माणूस दमतो, झोपला की ताजा होतो. "आमच्या वेळी असं नव्हतं", "ताईंच्या हातची आंबील वेगळीच असायची" हे मात्र झोपेने जात नाही. पंधरा दिवस आधीपासून ते छातीवर बसतं. अलीकडे त्यात फोटोंची भर पडली आहे. सकाळी दहालाच नात्यातल्या गटांवर एकेका घरच्या आरासीचे फोटो यायला लागतात आणि अर्धवट नेसवलेल्या महालक्ष्मीपुढे बसलेली बाई ते बघून आणखी एक झालर शोधायला उठते.

आता सोवळ्याचं. पुरुषांनी हात लावायचा म्हटलं की सोवळ्याची आडकाठी येते. मला हा युक्तिवाद कधीच पटला नाही. कद नेसून दीर पूजेला बसतात ते सोवळ्यातच ना? मग त्याच कदात पुरण वाटायला काय हरकत? लग्नामुंजीत शेकडो पानांचा स्वयंपाक रांधणारे आचारी पुरुष असतात. पुरीच्या जगन्नाथाचा महाप्रसाद शिजवणारे सेवेकरी पुरुष. देवाच्या स्वयंपाकात पुरुषाचा हात निषिद्ध नाही. घरच्या स्वयंपाकघरात मात्र तो 'मधे मधे' येतो. बाजारहाट, केळीची पानं, पंगतीत वाढणं ही कामं आमच्या घरचे पुरुष मनापासून करतात, त्यांना मी कमी लेखत नाही. पण बाजारहाट दोन तासांत संपतो आणि तो केला हे सगळ्यांना दिसतं. पहाटे चार ते दुपारी तीन शेगडीपुढे उभं राहणं दिसत नाही.

एक गोष्ट मात्र मला तेव्हा कळली नव्हती, आणि ती कळल्याशिवाय या विषयावर लिहिणं अर्धवट राहील. पुढच्या वर्षी मी भाज्या कमी करायचं सुचवलं तेव्हा सगळ्यात जास्त विरोध जाऊबाईंनीच केला. काका नव्हे, सासूबाई नव्हे. जी शेगडीजवळ बसली होती तिनेच. मला राग आला. दोन दिवस आम्ही एकमेकींशी तुटक बोललो. मग एका रात्री भांडी आवरताना त्या म्हणाल्या, "वर्षभर मला या घरात कोण विचारतं? या एका दिवशी सगळे म्हणतात, वहिनींनी केलं. तेही काढून घेतेस?" मला उत्तर देता आलं नाही. ज्या कामाने बाई मोडते त्याच कामात तिचा सगळा मान साठवलेला असतो, म्हणून ते काम सोडवत नाही. 'नाही म्हणायला शिका' हा सल्ला इथे उघडा पडतो. नाही म्हटल्यावर तिच्याकडे काय उरतं, याची सोय आधी घरच्यांनी करायला हवी. आपल्या भाषेत 'ऋण काढून सण' ही म्हण आहे, पैशाच्या बाबतीत आपण ती एकमेकांना सांगतोही. आमच्या घरात बायका शरीराचं ऋण काढून सण करत होत्या. आणि ते फेडण्याची एकच रीत घराला ठाऊक होती, "वहिनींच्या हाताला चव आहे" असं म्हणण्याची.

म्हणून आम्ही भाज्यांपासून सुरुवात केली नाही, यादीपासून केली. आषाढात एका रविवारी घरातले झाडून सगळे बसलो आणि कागदावर लिहिलं: काय करायचं, कोण करणार. नियम एवढाच की ज्याचं नाव त्या पदार्थापुढे आहे त्यालाच तो ठेवायचा की गाळायचा हे सांगता येईल. काकांना पडवळ हवं होतं. त्यांच्या नावापुढे पडवळ लिहिलं. त्यांनी ते खरंच चिरलं, जाऊबाईंच्या शेजारी बसून, बोट कापून घेत. धाकट्या दिरांनी पुरण घेतलं. जाऊबाईंनी आंबील आणि कढी कुणाला दिली नाही, आणि आम्ही मागितलीही नाही. सोळा भाज्यांची मिळून एक भाजी झाली. आणि नैवेद्याआधी न खाण्याची रीत मोडली. स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकाने पहाटे दूध-केळं घ्यायचं आणि गोळ्या असतील त्याने पोटभर खाऊन घ्यायचं, असं सासूबाईंनी स्वतः सांगितलं. सगळ्यांना ते रुचलं नाही. एक चुलतसासूबाई त्या वर्षी जेवायला आल्या नाहीत, पुढच्याही वर्षी आल्या नाहीत. मला त्याचं वाईट वाटतं, आजही. पण त्यांना बोलवायला दर वर्षी आम्ही दोघीजणी जातो आणि जात राहू.

हे घरगुती प्रकरण आहे, त्यात सार्वजनिक काय, असं कुणी म्हणेल. रीत घरात पाळली जाते, पण ती बळ घेते ते बाहेरून. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांना त्याचं उदाहरण घालून दिलं. पिढ्यान्‌पिढ्यांची रीत चार माणसांत बसून, मोठ्याने बोलून, कागदावर लिहून बदलता येते, हे त्या गावाने दाखवलं. २०२५ मध्ये सरकारने गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. मंडप, रस्ते, विसर्जनाचे घाट यांवर चर्चा होते ती व्हायलाच हवी. पण उत्सवाचा फार मोठा भाग घराच्या आत घडतो आणि तिथे राबणाऱ्यांची कुठे चर्चा नसते. काही जिल्ह्यांत गौरीपूजनाला स्थानिक सुट्टी मिळते. खासगी नोकरीत ती क्वचित मिळते, आणि मिळाली तरी रजा मागते बाईच. पुरुषाने "घरी महालक्ष्म्या आहेत, मला स्वयंपाक आहे" असं सांगून रजा मागितली, आणि ती बिनाचेष्टा मंजूर झाली, असं मी अजून एकाही कचेरीत पाहिलेलं नाही. ते पाहायला मला आवडेल.

आणि ज्यांना 'बाहेरून करून घ्या' हा सोपा उपाय वाटतो, त्यांच्यासाठी आमच्या पोळ्यावाल्या मावशींची गोष्ट. आम्ही साठ पोळ्या त्यांच्याकडून करून घ्यायचो. पहाटे पाचला यायच्या, बारापर्यंत लाटायच्या. तीन वर्षं असंच चाललं. मग एकदा सहज विचारलं, मावशी, तुमच्याकडे महालक्ष्म्या नसतात का? म्हणाल्या, "असतात ना. आमच्या संध्याकाळी जेवतात." आम्ही आमचा ताण उचलून दुसऱ्या बाईच्या घरात नेऊन ठेवला होता आणि त्याला सोय म्हणत होतो. कारखान्यातल्या कामगाराला १९६५ च्या कायद्याने किमान बोनसचा हक्क मिळाला. घरकाम करणाऱ्या बायकांसाठी महाराष्ट्राने २००८ मध्ये कल्याण मंडळाचा कायदा केला. पण सणाच्या दिवशी हक्काची पगारी सुट्टी हा विषय आजही मालकिणीच्या मनाच्या मोठेपणावर सोडलेला आहे. तो असा मनावर सोडू नये. दिवाळीला साडी आणि फराळाचा डबा देऊन ती गोष्ट भागत नाही. पूजनाच्या दिवशी मावशींना त्यांच्या घरी राहता आलं पाहिजे, पगारासकट.

गेल्या वर्षीपासून आम्ही मावशींना आवाहन ते विसर्जन तीन दिवस सुट्टी दिली. त्यामुळे पोळ्यांचं अडलं. पन्नास माणसं जेवायला, लाटायला आम्ही दोघी. दुपारचे दोन वाजले, पोळ्या फाटायला लागल्या, शेवटी पुरणावर तूप घालून तसंच वाढलं, आणि ज्याने त्याने भाताबरोबर खाल्लं. पंगत लवकर उठली नाही म्हणून काका कुरकुरले, पण पडवळ चिरणारे काका आता फार कुरकुरत नाहीत. यंदा धाकट्या दिरांचा मुलगा शिकतोय लाटायला. त्याची पोळी कडेला जाड राहते. जाऊबाई त्याच्या शेजारी बसून दाखवतात, पुरण कडेपर्यंत कसं पोहोचवायचं ते. आषाढातल्या बैठकीत पोळ्या किती आणि पानं किती हे ठरवायचं आहे. लाटणारे पाच होतील. एकेकाच्या आठ धरल्या तर चाळीस पोळ्या होतात. मग आमंत्रणंही चाळीसच.